त्या तिघांचं काय ठरलं होतं, अण्णा?

प्रिय अण्णा,

उद्या रविवारी सकाळी अकरा वाजता मंडळाची बैठक आहे, आणि आदल्या दिवशी भांडायला मला माणूस नाही. म्हणून हे पत्र.

वीस वर्षं झाली असतील. बैठक असली की आदल्या दुपारी तू काळाचौकीहून चालत माझ्याकडे यायचास, तीन जिने चढून धापा टाकत दारात उभा राहायचास आणि चप्पल काढायच्या आधीच सुरू व्हायचास. "सुमे, उद्या तू काय बोलतलंस ता आधी माका सांग." मी सांगायचे. तू ते खोडून काढायचास. मी चिडायचे, तू चहात बिस्कीट बुडवत आणखी चिडवायचास. घरातच सगळं भांडून झाल्यामुळे बैठकीत आपण दोघं इतके शहाण्यासारखे वागायचो, की लोकांना वाटायचं बहीणभावाचं काय छान जमतं.

आज दुपारी कोणी आलं नाही. विषय मात्र तुझाच आहे. जसबीर, एतवा आणि रोशन. त्या तिघांना ठेवायचं की जा म्हणायचं?

तू त्यांना आणलंस तेव्हाच मी म्हटलं होतं, की हे निस्तरायला कोणीतरी लागेल. तो कोणीतरी मी असेन हे नव्हतं वाटलं रे.

आठवतं ना, त्याच्या आदल्या सीझनला आपल्या मंडळाचा हॉकी संघ शेवटून दुसरा आला होता? तू आठ दिवस कोणाशी बोलला नाहीस. मग एका संध्याकाळी परळच्या त्या नव्या टॉवरसमोरून येताना तुला तिथला वॉचमन दिसला. पोरांचा चेंडू गेटकडे घरंगळत आला आणि त्याने हातातल्या काठीने तो असा अलगद थांबवला, की तू रस्त्यातच उभा राहिलास. तो एतवा. ओडिशात हॉकी खेळलेला, पोटापाण्यासाठी इथे आलेला. जसबीर ज्या सरकारी खात्याच्या संघाचा गोलकीपर होता, तो संघच बंद झाला होता. रोशनला गुडघा दुखावल्यावर त्याच्या क्लबने विचारणं सोडून दिलं होतं. तिघंही मोकळे, कोणाशी करार नाही. महिन्याभरात तू तिघांना आईबाबांच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत स्वतःजवळ आणून ठेवलंस आणि मला फोन करून म्हणालास, "तीन खेळाडू गावले." गावले म्हणजे काय, अण्णा? बाजारात पापलेट गावतात तसे?

संघाची सचिव मी. मला विचारायला नको होतं का?

पण मी सुरुवातीला तेवढी रागावले नव्हते. राग आला तो नारळाच्या दिवशी.

आपल्याकडची रीत तुला मी काय सांगायची? संघाचे नंबर खेळाडूंचे नाहीत, घरांचे. चार नंबर सावंतांचा, एक नंबर ऑस्करच्या घरचा, अकरा आपला. घरात खेळणारा कोणी नसला, तर त्या नंबरची जर्सी धुऊन, घडी करून ट्रंकेत राहते. दहा वर्षं राहिली तरी चालेल, दुसऱ्याला देत नाहीत. बाबांचा अकरा तुला आला. तू लग्न केलं नाहीस, म्हणून तो भाच्याला गेला, माझ्या परागला. यावर कधी कोणी हरकत घेतली नाही.

आणि तू काय केलंस? मारुतीसमोर नारळ फोडलास, पिशवीतून जर्सी काढल्यास आणि सावंतांचा चार एतवाच्या हातात ठेवलास. बाळा सावंत तिथेच उभा होता. त्याचे वडील गेल्यापासून त्या नंबराला कोणी हात लावला नव्हता. बाळाचा चेहरा बघून तुला चूक कळली असणार, कारण तू गडबडलास. मग ती चूक निस्तरायला तू दुसरी केलीस. परागकडे वळलास आणि म्हणालास, "अकरा रोशनला जाऊ दे. आपल्या घरचाही एक जायला हवा." परागला अठरा दिलास. अठरा कोणाच्याच घरचा नाही.

ऑस्करने तेवढी तुझी लाज राखली. आपणहून पुढे होऊन एक नंबर जसबीरच्या खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "घे मॅन. मी काय हा शर्ट घालून वर जाणार काय?" सगळे हसले. बाळा हसला नाही. मीही नाही.

त्या दुपारी मी तुला वाटेल ते बोलले. तू म्हणालास, "कपडो तो, सुमे. त्येका काय देव करून बसवतंस?" ज्या माणसाने बाबांची जर्सी तीस वर्षं स्वतःच्या हाताने धुतली, कधी लाँड्रीत टाकली नाही, त्याने हे म्हणावं?

मग सीझनभर आपलं चाललं. प्रत्येक मॅचनंतर तू विचारायचास, "काय गो, आता तरी पटला?" आणि मला कधीच पटायचं नाही. जसबीरने पहिल्याच मॅचमध्ये चार गोल वाचवले, तर मी म्हटलं, बॅकवाल्यांना त्याचं पंजाबी कळत नाही, म्हणून चेंडू त्याच्यापर्यंत पोचतो. दोन महिन्यांनी तो गोलमधून "डावीकडे बघ रे" असं ओरडायला लागला, तर मी म्हटलं, ओरडतो फार. एतवा चार मॅच घोटा धरून बसला तेव्हा तर मला बोलायला नवीन काही शोधावंच लागलं नाही. नंतर तोच एतवा पेनल्टी कॉर्नरला सगळ्यांत आधी धावत पुढे गेला आणि सरळ आलेला फटका गुडघ्यावर घेऊन तसाच उभा राहिला. तू साइडलाइनवरून माझ्याकडे बघितलंस. मी स्कोअरशीटमध्ये डोकं खुपसलं.

आज तू समोर नाहीस तर लिहून टाकते. त्या दिवशी मला रडू आलं होतं.

आणि दुसरी गोष्ट. मी मंडळात जी सगळी तत्त्वं सांगत फिरले, की स्थानिक पोरांनी कुठे जायचं, घरच्यांना बाकावर बसवून पाहुण्यांना पाटावर बसवायचं का, ती खोटी नव्हती. पण त्या सगळ्यांच्या मागे पराग होता. माझा मुलगा अठरा नंबर घालून बाकावर बसलेला मला बघवत नव्हता. तुला हे माहीत होतं. तू एकदाही तोंडावर बोलला नाहीस. बोलला असतास तर बरं झालं असतं, एकदा कडाक्याचं भांडण होऊन संपलं असतं.

परागच एकदा म्हणाला, "आई, रोशन माझ्यापेक्षा चांगला आहे. तुला सोडून सगळ्यांना माहीत आहे." मी त्याला म्हटलं, गप बस आणि जेव.

सेमीफायनलचं काय करू, अण्णा? किती वर्षांनी आपण तिथवर पोचलो. चर्चगेटच्या टर्फवर आपली वाडी लोटली होती, बाळा सावंतसुद्धा आला होता, लांब एकटा बसला होता. दोन-दोन बरोबरी, शेवटचं मिनिट, रोशन चेंडू घेऊन गोलसमोरच्या डीमध्ये शिरला. दुसऱ्या पोस्टला बदली उतरलेला पराग एकटा, स्टिक आपटत हाका मारत होता. रोशनने दिला नाही. स्वतः मारला, गोलकीपरच्या पॅडवर. मग शूटआउट. जसबीरने दोन अडवले तरी आपण हरलो. पहिलाच चुकवला तोही रोशनने.

परतताना टॅक्सीत आपण लालबागच्या पुलाखाली येईपर्यंत भांडत होतो. मी म्हटलं, पास दिला असता तर फायनलला असतो. तू म्हणालास, मी असतो तर मीही मारला असता. मी म्हटलं, म्हणूनच तू कधी फायनल खेळला नाहीस. तू काचेबाहेर बघायला लागलास. टॅक्सीवाला पुढे म्हणाला, "दादा, किधर रोकू?" आणि तू म्हणालास, "बहन जिधर बोलेगी उधर."

ते वाक्य मी का बोलले? मला अजून सांगता येत नाही. परत घेता येत नाही ते वेगळंच.

पुढच्या आठवड्यात तुझी छाती दुखायला लागली. एतवाने तुला पाठीवर घेऊन दोन मजले उतरवलं, जसबीर टॅक्सी अडवायला पुढे धावला, रोशनने मला फोन केला. त्याला घाईत धड बोलता येत नव्हतं. "दीदी, अण्णा. दीदी, आप आओ," एवढंच म्हणत राहिला. चार दिवस तू इस्पितळात होतास आणि तिघं पाळीपाळीने बाहेरच्या बाकड्यावर बसत होते. मी येता जाता त्यांना बघायचे. बोलायचे नाही.

आता राहिलं ते लिहिते.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी तुला पेज भरवत होते. तू चमचा बाजूला केलास आणि म्हणालास, "सुमे, त्या पोरांचा एक सांगूचा रवला." मला वाटलं, झालं याचं सुरू. रोशनने मारला ते कसं बरोबर, हे आता सलाइन लावून समजावणार. मी म्हटलं, "अण्णा, ते घरी आल्यावर. तेव्हा पोटभर भांडू." तू बघितलंस माझ्याकडे. मग म्हणालास, "बरा," आणि तोंड उघडलंस. मी पेजेचा चमचा तुझ्या तोंडात घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास.

काय सांगायचं होतं रे? मी दीड महिना हेच करतेय. भाजी चिरताना, देवापुढे दिवा लावताना. त्या पोरांचा एक सांगूचा रवला. पुढे काय? त्यांना सांभाळ, असं म्हणणार होतास? की त्यांना आता जाऊ दे, माझं चुकलं? तुझ्या तोंडून "माझं चुकलं" ऐकायला मी वर्षभर थांबले होते, आणि तेच नेमकं असेल तर? ते मीच ऐकलं नाही का?

हे सगळं मी मनातल्या मनात ठेवून दिलं असतं. पण परवा बैठकीचं पत्रक लावायला गेले, तर तिघं खोलीच्या दारात उभे. सेमीफायनलनंतर तिकडच्या, उपनगरातल्या एका क्लबने त्यांना बोलावलं होतं म्हणे. तिघांनाही. त्यांनी नाही सांगितलं. मी विचारलं, का? तर एतवा म्हणाला, "दीदी, अण्णा बोले थे, दो सीझन. बोले थे, जबान दिया है, कहीं जाना नहीं."

कागद आहे का? नाही. तेव्हा दुसरं कोणी होतं का? नाही. खोलीत चौघंच होते, जेवत होते. आता त्या क्लबने दुसरी माणसं घेतली. सोमवारी नोंदणीचा शेवटचा दिवस. आपण नाही म्हटलं, तर या सीझनला तिघांना कुठेच जागा नाही. एतवाचं ठीक, त्याची वॉचमनची नोकरी आहे. रोशनचा गुडघा बघून त्याला पुढच्या वर्षी कोण घेणार?

अण्णा, तू तसं बोलला होतास का? तू बोलू शकतोस, हे मला माहीत आहे. कोणाला न विचारता वर्षाचे दोन करणारा माणूस तू. पण पोरं घाबरलेली आहेत, हेही दिसतंय. घाबरलेली माणसं ऐकलेल्यात थोडं आपलं घालतात. मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसले. मला काही कळलं नाही.

बाळा सावंतला मी काल गाठलं. त्याच्या दुकानात, पंखे दुरुस्त करत बसला होता. त्याचं म्हणणं सोपं आहे. एक सीझन झाला, पाहुणचार झाला, आता नंबर घरोघर परत द्या. मंडळात आता पाच मतं. बाळा धरून दोन त्याच्याकडे, ऑस्कर धरून दोन पोरांच्या बाजूने. पाचवं माझं. माझं मत कुठे जाणार याबद्दल कोणालाच शंका नाही, सगळ्या वाडीने मला वर्षभर ऐकलंय.

मी पोरांचं म्हणणं सांगितलं. बाळाने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "सुमनताई," तो म्हणाला, "अण्णाने शब्द दिला असला तर माझा विरोध इथेच संपला. चार नंबर राहू दे त्या पोराकडे. अण्णाचा शब्द मी पडू देणार नाही. पण दिला होता हे सांगणार कोण? ती तिघंच?"

मी म्हटलं, "बघते."

काय बघणार, अण्णा? तुझी डायरी बघितली, तिच्यात मॅचच्या तारखा आणि गॅसवाल्याचा नंबर. फोन बघितला. तुझे सगळे मेसेज मलाच केलेले, आणि सगळ्यांत भांडण. मला वाटायचं, मी आपलं मंडळ हातात धरून आहे. एक साधी गोष्ट मला ठरवता येत नाही. मत टाकून बाळाला हरवता येईल, पण तो उठून जाईल आणि त्याच्यामागे निम्मी वाडी. बाळाबरोबर मत टाकलं तर तू दिलेला शब्द, दिला असलास तर, मी मोडला असं होईल. ज्या एका माणसाला विचारायचं, त्याला मी पेज भरवून गप्प केलं.

आज सकाळी मी खोलीवर गेले. तिघांनी सामान बांधून ठेवलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं, आपणहून. तीन बॅगा भिंतीला लावलेल्या, वर स्टिका. जसबीर म्हणाला, "आंटीजी, आपको तकलीफ नहीं होनी चाहिए." रोशनने अकरा नंबरची जर्सी माझ्या हातात दिली. धुतलेली होती. म्हणाला, "पराग को दे दीजिए." मग बॅगेवरची स्टिक सरळ करत म्हणाला, "उस दिन पास देना था. अण्णा ने भी बोला, देना था."

मी तिथेच पलंगावर बसले. तू त्याला सांगितलं होतंस, पास द्यायला हवा होता. आणि टॅक्सीत माझ्याशी भांडलास. त्याला माझ्यापुढे उघडं पडू दिलं नाहीस. असला कसला रे तू?

मी सांगते काय ते ऐक. रोशनला आणणं फायद्याचं झालं, असं मला आजही वाटत नाही. जसबीर, हो. एतवा, दहा वेळा हो. रोशनसाठी तू जेवढं मोजलंस, बाळाचं मन, परागची जागा, आपलं दोघांचं वर्ष, तेवढा तो खेळला नाही. हे माझं मत. तुला पटत नसेल तर नको पटू दे. ये आणि खोडून काढ.

जर्सी मी त्याला परत दिली. बॅगा सोडा म्हटलं.

उद्या अकराला मी उठून उभी राहीन आणि सांगेन, की इस्पितळात तिसऱ्या दिवशी दुपारी अण्णा मला म्हणाला, त्या पोरांना मी दोन सीझनचा शब्द दिलाय, तो सांभाळ. कोणी प्रश्न विचारणार नाही. बाळासुद्धा नाही. त्या तिघांच्या विरोधात माझ्याइतकं कोणी बोललेलं नाही, म्हणून माझ्यावर सगळे विश्वास ठेवतील. मी खरं बोलले की खोटं, हे माझं मलाही कधी कळायचं नाही, आणि मला त्याच्यासकट राहावं लागेल. दुसरं काही सुचत नाही, अण्णा. खरंच नाही सुचत.

एवढं मात्र मी कबूल करते. तू तो शब्द दिला नसलास, तरी उद्या अकरानंतर तो तू दिलेला असेल.

तुझी,
सुमी